बसका गंधार

१

आमच्या संगीत मंडळात दर रविवारी सकाळी एकच वाद होतो. माणसाच्या काळजाला सगळ्यात जास्त कोणता राग भिडतो? मारवावाले संध्याकाळच्या हुरहुरीचे दाखले देतात. भैरवीवाले नुसतं नाव काढलं तरी डोळे पुसायला तयार. जोगियावाला एकटाच आहे, पण आवाज मोठा. चहा येतो, वाद थांबतो, पुढच्या रविवारी परत सुरू. मी कोपऱ्यात बसून तंबोरे लावून देतो. जवारीवाल्याचं मत कोण विचारतो? लग्नात मांडववाल्याला कुणी विचारतं का, नवरी कशी वाटली म्हणून?

मंडळाचा नियम एकच. चीज समेवर आल्याशिवाय उठायचं नाही, वळायचं नाही, बोलायचं नाही. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाणं फिरून जिथं घरी येतं ती जागा. आमचा चहावाला भावकू, ज्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, तोसुद्धा कपबशी समेवरच खाली ठेवतो. वीस वर्षांत हे माझ्या हाडात मुरलंय.

मी कृष्णात. बेळगावातल्या शहापूरचा. घराणं विणकरांचं, पण माझा हात मागावर कधी बसला नाही. म्हणून वडिलांनी मिरजेला पाठवलं आणि मी जवारी काढायला शिकलो. हे काम थोडं सांगायला हवं. तंबोऱ्याची तार ज्या घोडीवर टेकते, तिथं तारेखाली दोऱ्याचा एक तुकडा सरकवतात. तो केसभर पुढं-मागं करत गेलं की एका जागी तार खुलते आणि गुंजायला लागते. हीच जवारी. चारी तारा नीट जुळल्या की खर्जाच्या तारेतून एक स्वर आपोआप उमटतो, कुणी न छेडलेला. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. नवखा माणूस इकडंतिकडं बघतो, कोण गातंय म्हणून. त्यात भुताटकी काही नाही, तो तारेचा गुण आहे. आणि तो गंधार शुद्धच असतो. दुसरा असू शकत नाही. आंब्याच्या कोयीतून फणस येत नाही.

माझी बायको मालू मागावर बसली की गुणगुणायची. शिकलेली नव्हती, पण कान चांगला. फक्त तिचा गंधार बसका. शुद्ध गंधारापर्यंत पोचायचाच नाही. वाटेत कोमल गंधारावर, त्याच्याही जरा खालीच, बसकण मारायचा. आमचा माग खड्ड्याचा, म्हणजे विणणारी जमिनीवर बसते आणि पाय खाली खड्ड्यात पावड्यांवर असतात. मी म्हणायचो, "अगं, तुझा गंधार खड्ड्यात पडलाय."

ती धोटा फेकत म्हणायची, "मी तरी कुठं वर बसलीया? त्यो एकटाच वर जाऊन काय करंल?"

२

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत मालू काविळीनं गेली. आठ दिवसांत. मागावर डाळिंबी रंगाची साडी होती, हातभर विणायची राहिलेली.

विणकराच्या घरात माग कधी रिकामा होत नाही. एक ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, संपत आला की त्याच्या शेवटच्या टोकांना नव्या ताण्याची टोकं एकेक करून गाठीनं जोडतात. आमच्या मागावरचं सूत असं आजीपासून अखंड आलेलं होतं. पण विणणारी बाई मागावर काम टाकून गेली, तर आमच्यात तो ताणा कापतात. विणलेलं तिच्या अंगावर जातं. राहिलेलं सूत नदीत सोडायचं. त्याचा एक धागाही घरात ठेवायचा नाही.

कात्री माझ्या थोरल्या बहिणीनं, बायाक्कानं चालवली. ती विधवा होऊन आमच्याकडंच असायची. सुताची गुंडी माझ्या हातात देऊन म्हणाली, "किस्ना, ह्या सुताला परत काम लावायचं न्हाई. गाठ तर न्हाईच न्हाई. ध्यानात ऱ्हाऊ दे."

कंग्राळीजवळ मार्कंडेय नदीत मी ते सोडलं. सगळं नाही. वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरून मोजावा एवढा धागा मी आधीच खिशात घातला होता. घरी येऊन जवारीच्या हत्यारांच्या डब्यात तळाशी ठेवला. त्या दिवसांत माझ्याजवळ रडायला माणसं पुष्कळ होती. हातात धरायला काही नव्हतं.

आणि शेवंता होती. आमची मुलगी, सोळा वर्षांची. सुबराव मास्तरांकडं गाणं शिकत होती. घासून लख्ख केलेल्या पितळी तांब्यासारखा आवाज. तिच्या तंबोऱ्यासाठी मालूनं वर्षभर पहाटे उठून जादा साड्या विणल्या होत्या. पुढच्या वर्षी मार्चमध्ये धारवाडला रेडिओची आवाज चाचणी होती. मास्तर म्हणायचे, पोरगी पहिल्या फटक्यात पास होणार. त्या घरात पुढं बघण्यासारखं तेवढं एकच उरलं होतं.

३

दिवाळी झाली आणि शेवंताच्या तंबोऱ्याची जवारी बसली, तारा गुंजेनाशा झाल्या. मी घोडी घासून साफ केली आणि दोरा घ्यायला डब्यात हात घातला.

खोटं का बोलू, साध्या दोऱ्याचं अख्खं रीळ माझ्याकडं होतं. मी डाळिंबी धागा काढला, त्याचे चार तुकडे केले आणि चारी तारांखाली सरकवले. मनाची समजूत घातली, की मी गाठ कुठं मारतोय? नुसता दाबून तर ठेवतोय.

दोरा एकदाच सरकवला आणि जवारी खुलली. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. चांगला अर्धा तास तरी झटापट असतेच. मी तारा छेडत राहिलो. थोड्या वेळानं तो न छेडलेला गंधार वर आला, आणि माझा हात थांबला. तो कोमल होता. त्याच्याही जरा खाली, बसका.

मी शहाणा माणूस आहे. आधी तार बदलली. मग खिडक्या लावून घेतल्या, कारण वडगावच्या यंत्रमागांची घरघर आमच्यापर्यंत येते आणि कानाला फसवते. भोपळ्याला कान लावला. तंबोरा उचलून परसात नेला. शेवटी तारा पुसून साधा दोरा घालून बघितला. शुद्ध गंधार, जसा असायला हवा तसा. परत डाळिंबी घातला. परत तोच, खड्ड्यात बसलेला. मी तिथंच बसून रडलो. भीती वाटायला हवी होती, पण मला आनंद झाला होता.

शेवंता क्लासवरून आली. तंबोरा मांडीवर घेतला आणि घोडीकडं बघत राहिली.

"आप्पा, ह्यो दोरा कुठला?"

"बाजारातला."

विणकराच्या पोरीला सूत ओळखायला डोळेसुद्धा लागत नाहीत. तिनं धाग्यावरून बोट फिरवलं आणि तोडी सुरू केली. तोडीत कोमल गंधारच लागतो. एरवी तंबोऱ्यातला शुद्ध गंधार तोडी गाणाऱ्याच्या जरा आडवाच येतो. इथं तंबोराच पोरीला हवा तो स्वर पुढं करत होता. मास्तरांची जुनीच चीज, शंभरदा ऐकलेली, पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला.

४

डिसेंबरातल्या एका रविवारी मास्तरांनी तिला मंडळात गायला बसवलं. मी मागं भिंतीशी होतो, त्यामुळं मला सगळे दिसत होते.

ती गंधारावर थांबली तेव्हा पहिल्या रांगेतले दोघं रडायला लागले. लोक गाण्याला रडतात, मी पाहिलंय. मान हलवत, डोळे मिटून, जरा ऐटीतही रडतात. हे तसं नव्हतं. हे लोक लहान मुलांसारखे तोंड वेडंवाकडं करून रडत होते. मग सम यायच्या आतच एकानं मान वळवून मागं बघितलं. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनीच, एकेक करून. माझ्याकडं नव्हे. प्रत्येकजण आपल्या खांद्यामागं बघत होता, आणि बघून परत पुढं वळताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला नीट सांगता येणार नाही. कुणीतरी दारात उभं राहून नाव विचारून निघून गेल्यासारखे दिसत होते.

गाणं संपल्यावर भावकू किटली घेऊन माझ्याजवळ आला. चहा सांडत होता.

"किस्नाण्णा, माजी आई आलती का वो?"

"तुझी आई जाऊन चार वर्सं झाली की रं."

"व्हय," तो म्हणाला. "तेच म्हंतो मी."

मास्तर जाताना तेवढं म्हणाले, "कृष्णात, पोरीला दोन दिवस आराम दे. दुसरा एखादा राग घेऊ या." मला राग आला. मनात म्हटलं, शिष्या पुढं गेली की गुरूच्या पोटात दुखतंच.

त्या दिवशी एकटा मीच मागं वळलो नव्हतो. माझ्यामागं भिंत होती हे खरं, पण कारण ते नाही. मला भीती होती. कुणी असेल याची नव्हे. कुणी नसेल याची.

५

जानेवारीत शेवंता दुसरं काही गाईनाशी झाली. भूप म्हण म्हटलं की दोन ओळींत तोडीवर यायची. बोलणं कमी झालं, आणि जे बोलायची ते हळू. खाणं निम्म्यावर आलं. मी म्हणायचो, चाचणीची धास्ती आहे.

फेब्रुवारी निम्मा सरला तेव्हा एक दिवस मी आणि बायाक्का जेवत होतो. शेवंता वाढत होती.

"वन्सं, आमटी घ्या की थोडी," ती म्हणाली.

बायाक्काचा घास हातातच राहिला. शेवंता तिला जन्मापासून आत्ती म्हणायची. वन्सं म्हणायची मालू. नणंदेला भावजयच वन्सं म्हणते, भाची कशाला म्हणेल? शेवंताला मात्र आपण काय बोललो याची गंधवार्ता नव्हती. आमटी वाढून ती आत गेली.

जेवण तसंच टाकून बायाक्का उठली, तंबोऱ्याजवळ गेली आणि वाकून बघितलं. परत आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"काढ त्यो धागा."

"अक्का, दोरा हाय नुसता."

"मला सांगतोस? मीच कापलाय त्यो ताणा. काढ म्हंते ना!"

"धारवाडचं होऊ दे. पंधरा दिवस राहिल्यात."

"पंधरा दिस पोरगी ऱ्हाईल का?"

मी ताट सरकवून उठलो. आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या बहिणीवर ओरडलो. पोरीचं चांगलं होतंय ते तुला बघवत नाही, असं काहीतरी बोललो. ती पदर डोळ्यांना लावून बसली, आणि मी तिच्याकडून शपथ घेतली की तंबोऱ्याला हात लावणार नाही.

खोटं का बोलू, मला धारवाडची एवढी पडली नव्हती. सकाळी सात ते आठ पोरगी रियाजाला बसायची, आणि तेवढा एक तास माझ्या घरात मालू गुणगुणायची. त्या तासाभरासाठी मी उरलेले तेवीस तास काढत होतो.

त्याच सुमाराला मधल्या खोलीतून मागाचा ठोका ऐकू यायला लागला. माग तर ताणा कापल्यापासून बंद होता, वर चादर टाकलेली. आमच्या आळीत घरटी माग आहे, शेजारचा ऐकू येत असेल, असं मी ठरवून टाकलं. शेजारी सोनुबाई आठवडाभर खानापूरला लेकीकडं गेली होती हे मला माहीत होतं. तरी ठरवून टाकलं.

६

फेब्रुवारीतला शेवटचा सोमवार. बायाक्का भाजीला गेली होती. बाहेर लख्ख ऊन. पुढच्या खोलीत शेवंतानं तंबोरा छेडला, मी नेहमीसारखा तिच्यासमोर बसलो.

आलाप झाला. चीज सुरू झाली. आणि मधल्या खोलीत ठोका पडायला लागला. खट्, मग पावडीची करकर, मग परत खट्. घरात तबला नव्हता, पण गाण्याला ठेका मिळाला होता. मात्रा मोजून बघितल्या. बरोबर सोळा, आणि मग सम.

मी उठलो आणि मधल्या दारात जाऊन उभा राहिलो. शेवंता आता माझ्या पाठीशी होती.

मागावरची चादर जशीच्या तशी होती. तिच्यावरची धूळही तशीच. कुणी बसलेलं नव्हतं. खिडकीतून उन्हाचा एक पट्टा खाली खड्ड्यात उतरला होता. त्या उजेडात दोन पावलं होती. टाचा भेगाळलेल्या. तळवे पिवळे, काविळीचे. एक पाऊल पावडी दाबायचं, दुसरं उचलायचं. घोट्याच्या वर ऊन नव्हतं आणि मी तिथं बघितलं नाही.

माझं डोकं शांत होतं, हे मला अजून आठवतं. मी विचार करत होतो की तेल लावायला हवं, टाचा फुटल्यात.

मागून तोडी येत होती. असं गाणं मी त्याआधी ऐकलं नाही आणि नंतरही नाही. बसका गंधार लागला की तो लागूनच राहायचा, श्वास न घेता, माणसाला जमणार नाही इतका वेळ. गाणं समेकडं येत होतं. खट्, करकर, खट्. मी उभा राहिलो. दोन मिनिटं असतील की अर्धा तास, मला सांगता येत नाही.

मग बायाक्काची किंकाळी आली. पिशवी टाकल्याचा आवाज, बटाटे घरंगळल्याचा. तंबोऱ्याच्या तारा एकदम कर्कश वाजल्या आणि गाणं मधेच तुटलं. खड्ड्यात नुसता उन्हाचा पट्टा राहिला.

मी वळलो. बायाक्का गुडघ्यावर बसून तारांखालचे डाळिंबी तुकडे नखांनी उपटत होती. बोटं रक्ताळली होती. शेवंता भिंतीला टेकून बसली होती. तिचं तोंड उघडं होतं आणि गळ्याच्या शिरा ताठ होत्या. आवाज येत नव्हता.

७

ते चार तुकडे बायाक्कानं एकटीनं चालत नेऊन नदीत सोडले. मला बरोबर घेतलं नाही.

शेवंताला मी बेळगावातल्या दोन डॉक्टरांकडं नेलं. घशात काही बिघाड नाही म्हणाले. आठवड्याभरानं ती कुजबुजायला लागली, आणि तिथंच थांबली. धारवाडची तारीख आली नि गेली. त्या दिवशी मास्तर घरी आले, तिच्या डोक्यावर हात ठेवून बसले, आणि चहा न घेता गेले.

याला आता सहा वर्षं झाली. बायाक्का गेल्या साली वारली. शेवंता मालूच्या मागावर बसते, नव्या ताण्यावर. हात चांगला आहे. विणताना गुणगुणत नाही. स्थळं येतात, आवाज ऐकून परत जातात. तिनं मला कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात विचारलं. मी तिच्या शेजारी बसून सूत गुंडाळत होतो. ती पावड्या थांबवून खाली बघत म्हणाली, "आप्पा, एक इचारू? त्या दिवशी तुमी तितं दारात इतका येळ काय करत हुतासा?"

"तुझं गाणं ऐकत हुतो की गं."

"मी कुटं गात हुते?" ती कुजबुजली. "तुमी उठलासा तवाच माजा गळा मिटाय लागला. मी तंबोरा खाली ठेवला आणि तुमास्नी हाका मारल्या. आप्पा, आप्पा म्हणून. पाठमोरं उभं हुतासा. आवाज पार संपस्तोवर हाका मारल्या मी. तुमास्नी ऐकू आल्या न्हाईत?"

मागावर डाळिंबी नव्हे, हिरवी साडी होती. मी मागाच्या फणीकडं बघत राहिलो.

"न्हाई गं बाळा," मी म्हणालो. "ऐकू आल्या असत्या तर आलो नसतो व्हय?"

तिनं मान डोलावली. तिला ते पटलं. बाप खोटं कशाला बोलेल? तिनं धोटा उचलला आणि परत विणायला लागली.

काल रविवार होता. मंडळात तोच वाद परत निघाला, मारवा की भैरवी की जोगिया. मी कोपऱ्यात तंबोरा लावत बसलो होतो. शुद्ध गंधार नीट उमटत होता. हाका मला ऐकू आल्या होत्या. पहिल्या हाकेपासून सगळ्या. गाणं समेवर आलं की वळू, एवढंच मी म्हटलं होतं.